दोन टोचण्यांनंतर

“डॉक्टर, माझ्या शिरा लवकर सापडत नाहीत हं.”

कॅज्युअल्टीच्या खाटेवर पाठ टेकते ना टेकते तोच काही रुग्ण हे सांगून टाकतात. सूर तक्रारीचा नसतो. घरी पाहुणा यावा आणि नेमकं चहाला दूध नसावं, तसा ओशाळलेला असतो. मागच्या खेपेला कुणीतरी चार-पाच ठिकाणी टोचून झाल्यावर वैतागून म्हटलेलं असतं, “काय हो काकू, शिरा घरी ठेवून आलात की काय?” तेव्हापासून काकूंनी तो दोष स्वतःच्या नावावर लावून घेतलेला असतो.

या पुस्तकाचं हस्तलिखित हातात आलं तेव्हा मी आधी तेच शोधलं. लेखकांनी ‘खराब शिरांचा रुग्ण’ असं कुठे लिहिलंय का? नाही लिहिलेलं. त्यांनी ‘अवघड लाइन’ असा शब्द वापरला आहे. अवघड आहे ते काम, माणूस नव्हे. तिथेच मी प्रस्तावना लिहायचं कबूल करून टाकलं.

विषय तसा एका वाक्यात मावतो. तातडीच्या रुग्णाला सलाईनची लाइन लावायची आहे, शीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. अशा वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर ती पाहत पाहत सुई घालायची. लेखक दोघं आहेत. एक बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या आणि आता नर्सिंग शिकवणाऱ्या सिस्टर, दुसरे आपत्कालीन वैद्यकातले डॉक्टर, एके काळी माझे हाऊसमन. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्या वैद्यक परिषदेने मान्य केली ती २००९ साली. त्याआधी कॅज्युअल्टी ही ज्याची ड्यूटी लागेल त्याने कशीबशी निभावायची जागा होती. मी त्या काळातला. म्हणून हा विषय मला वाचकापुढे ठेवायचा तर एका रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

पावसाळ्यातली रात्र, कोकणातलं गाव. गवत कापताना फुरसं चावलेली बाई बैलगाडी, मग जीप असं करत आमच्यापर्यंत पोचली होती. काचेच्या कोरड्या नळीत रक्त काढून ठेवलं. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठतच नव्हतं. सिस्टर लसीच्या कुप्या हातात फिरवत पूड विरघळवत होत्या. लस तयार, सलाईन तयार, फक्त लाइन नाही. टूर्निके सापडेना म्हणून रबरी हातमोजा दंडाला आवळला. बाईंचा रक्तदाब उतरलेला, हात गार, शिरा आत बसलेल्या. मी कोपरात टोचलं, मनगटावर टोचलं, मुठीच्या मागे टोचलं, दुसऱ्या हाताला गेलो. रक्त गोठत नसल्यामुळे प्रत्येक फसलेल्या टोचणीतून ते झिरपत राहिलं. बोळे दाबून धरायला नातेवाइकांचे हात कमी पडले. शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी कापून शीर उघडी केली, म्हणजे कटडाउन केला. गोठत नसलेल्या रक्तात कापाकापी करणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला ठाऊक. पाऊण तास गेला.

बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांचे हात पाहिले आणि मोजले. सापाने दोन ठिकाणी टोचलं होतं. मी नऊ ठिकाणी.

त्याच इमारतीत दोन मजले वर सोनोग्राफीचं यंत्र होतं. खोलीला कुलूप होतं, हा भाग निराळा. खोली उघडी असती तरी ते यंत्र हाताची शीर शोधायला आणावं असं मला सुचलंच नसतं. सोनोग्राफी म्हणजे पोट आणि गरोदर बाई, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

आंधळेपणाने सुई घालण्याचा हा इतिहास बराच जुना. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदराच्या गावी टॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने पटकीच्या मरणासन्न रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. सलाईनची गोष्ट तिथून सुरू होते. धातूची सुई शिरेत ठेवायची आणि हात हलला की ती शीर फोडायची, हा छळ पुढे शतकभर चालला. सुई काढून घ्यायची आणि तिच्यावरची प्लास्टिकची नळी आत राहू द्यायची, ही युक्ती मेयो क्लिनिकमधल्या डेव्हिड मॅसा यांनी १९५०च्या सुमाराला काढली. आपल्या सिस्टर जिला इंट्राकॅथ किंवा व्हेनफ्लॉन म्हणतात ती तिचीच नात. नळी सुधारली, पण ती घालायची रीत जुनीच राहिली: बोटाने चाचपायचं, अंदाज बांधायचा, देवाचं नाव घ्यायचं.

ध्वनिलहरींची मदत आधी मिळाली ती मानेतल्या मोठ्या शिरेला. १९७८ साली डॉप्लरचा आवाज ऐकून ती शोधल्याची नोंद आहे. पडद्यावर पाहत सुई घालणं ऐंशीच्या दशकात आलं. हाताच्या शिरेसाठी कुणी एवढं मोठं यंत्र ढकलत आणणार नव्हतं. ते घडलं यंत्र लहान झाल्यावर. १९९९ साली अमेरिकेतल्या कीज आणि सहकाऱ्यांनी कॅज्युअल्टीतले असे सुमारे शंभर रुग्ण घेतले, ज्यांची लाइन लागतच नव्हती. दंडातल्या खोल शिरा पडद्यावर पाहत टोचल्यावर दहातल्या नऊ जणांची लागली, आणि बहुतेकांची पहिल्याच टोचणीत. २००५ साली कॉस्टँटिनो यांच्या गटाने साठ रुग्णांत दोन्ही रीती समोरासमोर ठेवल्या. पडद्यावर पाहून ९७ टक्के यश, चाचपून ३३ टक्के. लाइन लागायला एकीकडे सरासरी १३ मिनिटं, दुसरीकडे ३०. हा फरक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या रात्रीचा पाऊण तास आठवला, आणि वाचन बाजूला ठेवावं लागलं.

आता पडद्यावर नेमकं दिसतं काय, ते सांगतो. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात हे चित्रांसह आहे. मी नुसतं उंबऱ्यापर्यंत नेतो.

रुग्णाचा हात बाजूला पसरून तळवा वर करा. दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या चार बोटं वर, जेल लावून सपाट तोंडाचा प्रोब आडवा ठेवा. सपाट म्हणजे लिनिअर. पोटासाठीचा गोल तोंडाचा इथे कामाचा नाही. खोली तीन-चार सेंटिमीटरवर आणा. वर कातडीची पांढुरकी पट्टी, खाली चरबी, मग स्नायूंचे करडे थर, आणि त्यात काळी वर्तुळं. रक्त पडद्यावर काळं दिसतं. शाळेच्या पुस्तकात आपण अशुद्ध रक्ताची नीला आणि शुद्ध रक्ताची रोहिणी शिकलो. एक निळी, एक लाल. इथे नीलाही काळी, रोहिणीही काळी. ओळखायची कशी? प्रोबने हलकेच दाबा. पापणी मिटावी तसं एखादं वर्तुळ मिटतं; ती नीला, आपली शीर. दुसरं मिटत नाही, उलट दाबलं की जास्तच उडतं. ती रोहिणी, तिच्या वाटेला जायचं नाही. तिच्या शेजारी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा गोल दिसतो, ती नस. म्हणजे खरीखुरी नस, मज्जातंतू. आपण बोलताना शिरेलाही नस म्हणतो, पण इथे तो घोळ महागात पडतो. तिला सुई लागली तर रुग्णाच्या बोटांपर्यंत वीज जाते.

हौशी मंडळी इथे रंगीत डॉप्लरचं बटण दाबतात आणि लाल दिसलं की रोहिणी, निळं दिसलं की नीला असं समजतात. हा गैरसमज मी चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांतही पाहिला आहे. तो रंग रक्त शुद्ध की अशुद्ध ते सांगत नाही. रक्त प्रोबच्या दिशेने येतंय की लांब जातंय, एवढंच सांगतो. प्रोब जरा कलता केला की लालाचं निळं होतं. प्रोबने दाबून पाहणं हीच खात्रीची परीक्षा. तीसुद्धा रुग्ण शॉकमध्ये असेल तर दमानं करावी, कारण रक्तदाब फार उतरला की रोहिणीही दाबाखाली मिटते.

रोहिणीच्या दोन्ही अंगांना चिकटून दोन शिरा असतात. त्या मोहात पाडतात, पण शेजार वाईट. त्यांच्यापासून अलग, दंडाच्या आणखी आतल्या अंगाला एक एकटी शीर असते. इंग्रजी पुस्तकांत ती बॅसिलिक. माझ्या मते कॅज्युअल्टीतली ही सगळ्यात गुणी शीर. खोल असल्यामुळे वरून दिसत नाही, म्हणून तिला कुणी कधी टोचलेलं नसतं. वर्षानुवर्षं केमोथेरपी घेतलेल्या, वारंवार सिकलसेलचं दुखणं उठून भरती झालेल्या, वजन शंभराच्या वर गेलेल्या माणसाच्या हातावर एक धड शीर उरलेली नसते. आणि दंडात ही मात्र बोरूएवढी जाड, शांत पडलेली असते. शीर चार मिलिमीटरच्या वर रुंद आणि दीड सेंटिमीटरच्या आत असेल तर काम सोपं जातं. त्याहून खोल असेल तर लेखक म्हणतात, दुसरी शोधा. मी म्हणेन, दुसरा हात शोधा.

आपल्याकडे असे रुग्ण कोण? सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात. डेंगीचे रुग्ण सगळीकडे. त्यांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपत असतं, प्लेटलेट घसरलेल्या असतात, आणि प्रत्येक चुकलेली टोचणी टपोरी निळी गाठ होऊन बसते. डायलिसिसवरचे रुग्ण, ज्यांच्या फिस्टुलाच्या हाताला चुकूनही सुई लावायची नसते. घोणस किंवा फुरसं चावलेले. या शेवटच्यांसाठी मानेतली किंवा छातीतली मोठी शीर टोचणं धोक्याचं, कारण तिथून रक्त सुटलं तर दाबून थांबवणं कठीण. दंड दाबता येतो. त्या रात्री मला हे ठाऊक असतं तर घोट्याला सुरी लावायची वेळ आली नसती. २०१२ साली अमेरिकेतून आलेल्या एका नोंदीत, लाइन लागत नाही म्हणून मोठ्या शिरेत नळी टाकावी लागणार होती असे शंभर रुग्ण होते. पडद्यावर पाहून दंडात लाइन लावल्यावर त्यातल्या ८५ जणांची मोठी नळी टळली. प्रत्येक टळलेल्या नळीबरोबर जंतुसंसर्गाचा एक दरवाजाही बंद झाला.

शीर ओळखणं मात्र सोपा अर्धा भाग. अवघड अर्धा म्हणजे सुईचं टोक. आडव्या छेदात सुई पडद्यावर एक पांढरा ठिपका म्हणून दिसते. हा ठिपका टोक आहे की मधला दांडा, हे पडदा सांगत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. नवशिका ठिपका शिरेवर आला म्हणून खुश होतो, सुई आणखी पुढे रेटतो. टोक तोवर शिरेच्या पलीकडची भिंत भेदून रोहिणीशी गप्पा मारत असतं. यावरचा उपाय पुस्तकात चौथ्या प्रकरणात आहे आणि माझ्या मते ते एकच प्रकरण नीट घोटलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल. ठिपका दिसला की सुई थांबवा. प्रोब केसभर पुढे सरकवा. ठिपका नाहीसा झाला तर तोवर दिसत होतं ते टोकच होतं. आता सुई केसभर पुढे घ्या, ठिपका परत उगवेल. प्रोब, सुई, प्रोब, सुई. टोक शिरेच्या छतावर आलं की छत तंबूसारखं खाली दबतं, मग फटकन सुटतं आणि काळ्या वर्तुळाच्या मधोमध पांढरा ठिपका बसतो. इथे बहुतेक जण चेंबरमध्ये रक्त आलं म्हणून सुई काढून घेतात. घाई करू नका. ठिपका वर्तुळाच्या मध्ये ठेवत आणखी सेंटिमीटरभर आत चला, मगच नळी सोडा.

हे का, त्याचं गणित आहे, आणि ते आमच्या पिढीने कधी केलंच नाही. समजा शीर १.२ सेंटिमीटर खोल आहे आणि सुई ४५ अंशात घातली. कातडीपासून शिरेपर्यंत जायला १.७ सेंटिमीटर खर्च झाले. आपली नेहमीची गुलाबी इंट्राकॅथ सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास. शिरेत उरली जेमतेम दीड, म्हणजे निम्म्याहून कमी. रुग्णाने हात वाकवला, कूस बदलली, की नळी शिरेतून मागे सरकून मांसात. २०१० सालच्या एका अभ्यासात पडद्यावर पाहून लावलेल्या अशा लाइनींपैकी जवळपास निम्म्या चोवीस तासांत बाद झाल्या होत्या. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली: बघा, यंत्राचा उपयोग काय? २०१८ मध्ये खुलासा झाला. नळीची ६५ टक्क्यांहून जास्त लांबी शिरेत असलेल्या लाइनींपैकी ७२ तासांत एकही बाद झाली नाही; ३० टक्क्यांहून कमी असलेल्या सगळ्या झाल्या. दोष रीतीत नव्हता, नळी आखूड होती. आपल्याकडे खास लांब नळ्या सगळीकडे मिळत नाहीत, पण साडेचार सेंटिमीटरची हिरवी प्रत्येक ट्रॉलीवर असते. दंडात जायचं तर गुलाबी ठेवून हिरवी उचला. एवढा एक बदल मी माझ्या वॉर्डात सांगितला, तर दुपारच्या सिस्टरांच्या ‘लाइन आउट झाली’च्या हाका निम्म्यावर आल्या. हे मोजलेलं नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

(लांब नळीतून पाणी जरा हळू जातं, हे प्वाझेय या फ्रेंच डॉक्टरचं जुनं गणित. रक्तस्रावाने गळून गेलेल्या अपघाती रुग्णाला आखूड आणि जाड नळीच हवी. त्याच्या दंडात लांब हिरवी घालत बसलात तर लाइन उत्तम लागेल आणि रुग्ण जाईल.)

खोल शिरेत लाइन लावण्याची आणखी एक गोम आहे. मनगटावरची लाइन बाद झाली की सूज लगेच दिसते. दंडात दीड सेंटिमीटर खाली नळी सटकली तर औषध मांसात जात राहतं आणि वरून पत्ता लागत नाही. रुग्ण ‘हात जड झालाय’ म्हणतो, आपण ‘होतं थोडं’ म्हणतो. रक्तदाब वाढवणारं औषध किंवा सीटीची डाय असेल तर त्याची किंमत कातडी मोजते. तेव्हा लाइन लावल्यावर सलाईन सोडून पडद्यावर पाहा, शिरेतल्या काळोखात पांढरे बुडबुडे खेळताना दिसले पाहिजेत. आणि रुग्ण हात जड म्हणाला तर ऐका.

आता यंत्र कधी आणायचं नाही. हे लेखकांनी पहिल्याच प्रकरणात सांगितलं, याचं मला विशेष कौतुक वाटलं. यंत्रावर पुस्तक लिहिणारे सहसा हे शेवटी कुठेतरी कोपऱ्यात टाकतात. शीर समोर दिसत असेल तर यंत्राने काम बिघडतं. २०१६ साली हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत तेच निघालं: अवघड रुग्णांत पडदा सरस, सोप्या रुग्णांत बोट सरस. आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या दंडावर जेल चोळत बसू नये. तिथे दीड मिनिटात लाइन लागली नाही तर गुडघ्याखालच्या हाडात सुई. तालुक्याच्या दवाखान्यात हाडात घालायची सुई असते का, हा प्रश्न वेगळा आणि लाजिरवाणा.

मग यंत्र कॅज्युअल्टीत का नसतं? पैशांचं कारण सांगितलं जातं. ते काही अंशी खरं. माझ्या मते मोठं कारण कुलूप. आणि त्या कुलपामागे एक कायदा आहे, ज्याची मला लाज नाही, गरज पटते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला. तरीही २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली निघाल्या, आणि बीड जिल्ह्यात ८०७. सोनोग्राफीचं यंत्र या राज्यात मुली मारायला वापरलं गेलंय. त्यामुळे यंत्र कुठल्या जागेत, कुणाच्या हातात, याची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे असते. फिरतं यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. आणि चालवायची मुभा ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनाच. सपाट प्रोबला गर्भ धड दिसणारही नाही, पण कायदा प्रोब पाहत नाही, यंत्र पाहतो. कुणी म्हणतं, मग या यंत्रांना सूट द्या. मी म्हणत नाही. बीडचा आकडा पाहिल्यावर पळवाटा मागायला आपल्याला तोंड नाही. कॅज्युअल्टीच्या नावाने वेगळं यंत्र घ्यावं, त्या जागेची आणि तिथल्या डॉक्टरांची रीतसर नोंदणी करावी. अर्ज भरायचं काम आहे, अशक्य काही नाही. बहुतेक ठिकाणी तो अर्ज कुणी केलेलाच नसतो.

याच्यात खरी अडचण होते ती सिस्टरांची. लाइन लावणारे हात त्यांचे. अमेरिकेत कॅज्युअल्टीतल्या नर्स हे तंत्र शिकल्या आणि उत्तम करू लागल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली. इथे यंत्र त्यांच्या हातात देता येत नाही. लेखकांनी यावर काढलेली वाट मला फार आवडली: दोघांनी मिळून. डॉक्टर प्रोब धरतो आणि टोक कुठे आहे ते सांगतो, सिस्टर सुई घालतात. कायदा मोडत नाही, आणि वीस वर्षं सुई धरलेला हात सुईवरच राहतो. दोन माणसांनी केलं तर यश घटत नाही, हे बाहेरही पाहून झालंय. पुस्तकातले संवाद वाचा: “थांबा सिस्टर, छत दबलंय.” “बॅकफ्लो आलाय सर, अजून जाऊ?” “सेंटिमीटरभर.” कॅज्युअल्टीत सिस्टर डॉक्टरला ‘अजून जाऊ का’ विचारतात आणि डॉक्टरकडे खरंखुरं उत्तर असतं, हे दृश्य मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिलं.

एका बाबतीत मात्र माझी लेखकांशी तक्रार आहे. मुलांवरचं प्रकरण साडेतीन पानांत उरकलंय. दोन वर्षांच्या गुबगुबीत पोराची, जुलाबांनी सुकलेल्या पोराची लाइन लावताना आईच्या डोळ्यांकडे पाहणं टाळलं नाही असा डॉक्टर मला दाखवा. दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण तिप्पट व्हायला हवं.

आणि एक गोष्ट पुस्तकात नाही, कारण ती चित्रात काढता येत नाही. यंत्र दाराशी असूनही न आणण्याचं कारण बहुतेकदा आपला हात असतो. “अजून एकदा बघतो.” हे वाक्य मी नऊ वेळा म्हटलं होतं. प्रत्येक वेळी वाटलं की आता लागणार. सिनिअरला बोलावलं तर आपल्याला लाइनही लावता येत नाही असं होईल. यंत्र आणलं तर तेच. तरुण डॉक्टरांना मी आता एकच हिशेब सांगतो. रुग्णाला आधी विचारा, मागे कधी त्रास झाला होता का. तो हो म्हणाला आणि हातावर काही दिसत नसेल तर पहिलीच टोचणी पडद्यावर पाहून करा. तसं नसेल तर दोन टोचण्या तुमच्या. तिसरी तुमची नाही.

शिकायला किती लागतं? माझ्या पाहण्यात साधारण वीस-पंचवीस लाइनींनंतर हात बसतो. त्यातल्या पहिल्या काही रुग्णावर करू नयेत, म्हणून लेखकांनी परिशिष्टात सरावाचा साचा दिला आहे: गरम पाण्यात विरघळवलेलं जिलेटीन, त्यात पाणी भरलेला लांब फुगा शीर म्हणून, आणि मांसासारखा करडेपणा यायला दोन चमचे इसबगोल. इसबगोलाशिवाय सगळं काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि आत्मविश्वास उगाच वाढतो. तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाण्याकडून पुडा आणून ठेवा. साचा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, आणि घरच्यांना ते खायचं नाही हे आधीच सांगून ठेवा.